सरकत्या बर्फावरची वाट

पहाटेचे दोन वाजलेले असतात. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बेस कॅम्पवर, ५,३६४ मीटर उंचीवर, तंबूंमधून हेडलॅम्पचे दिवे एकेक करून बाहेर पडू लागतात. कुणी बुटांना क्रॅम्पॉन बांधत असतो, कुणी पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे आवळत असतो. थोड्याच वेळात दिव्यांची ही रांग समोरच्या काळोख्या, वेड्यावाकड्या बर्फाच्या उतारावर सरकू लागते. हा खुंबू आइसफॉल. एव्हरेस्टच्या दक्षिणेकडच्या नेहमीच्या मार्गावरचा हा पहिलाच टप्पा आणि गिर्यारोहकांना सर्वांत जास्त धास्ती असते ती याचीच.

चढाई म्हणून तो फार अवघड नाही. उभ्या कड्यांवर शिड्या लावलेल्या असतात आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोर बांधलेले असतात. सराव असलेला माणूस ही चढण काही तासांत पार करतो. तरीही या साधारण सहाशे मीटरच्या चढावर आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. इथला धोका चढणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा तो त्या बर्फाखाली किती वेळ राहतो आणि किती वेळा राहतो, यावर जास्त अवलंबून असतो. या मार्गाची ‘स्थिती’ कशी आहे, हे समजून घेताना हीच गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते.

वाटच चालते

सह्याद्रीत चढाई करणाऱ्याला एक खात्री असते. काल ज्या कड्याला दोर लावला, तो कडा आज तिथेच असतो. एखादा दगड निखळेल, पावसाळ्यात दरड येईल, पण कातळ जागचा हलत नाही. खुंबूत मात्र वाटच चालत असते.

एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से या तीन शिखरांच्या मधल्या दरीत, म्हणजे ‘वेस्टर्न कूम’मध्ये, बर्फ साचतो आणि स्वतःच्या वजनाने खाली वाहू लागतो. ही खुंबू हिमनदी. दरीच्या तोंडाशी तिचा तळ एकाएकी उतरता होतो. पाण्याची नदी अशा जागी धबधबा होऊन कोसळते. बर्फाचे तसे होत नाही. खोलवरचा बर्फ वरच्या दाबामुळे घट्ट लगद्यासारखा हळूहळू वाकतो आणि वाहतो. पण वरचा तीस-चाळीस मीटरचा थर ठिसूळ असल्याने वाकू शकत नाही, तो तडकतो. त्यातून आडव्या भेगा पडतात, भेगांना भेगा छेदतात आणि मधे उरतात ते बर्फाचे सुटे मनोरे. गिर्यारोहक त्यांना सेरॅक म्हणतात. काही सेरॅक घराएवढे, तर काही चार-पाच मजली इमारतीएवढे असतात.

आइसफॉलमध्ये हा बर्फ दिवसाला साधारण एक मीटर पुढे सरकतो. एप्रिलच्या सुरुवातीला बसवलेली शिडी मेच्या अखेरीपर्यंत पन्नासेक मीटर खाली आलेली असते. शिवाय सगळे तुकडे सारख्या वेगाने सरकत नाहीत. भेगेचा एक काठ पुढे जातो, दुसरा मागे राहतो. त्यामुळे शिडी पिळवटते, वाकते, कधी अधांतरी लोंबू लागते. बांधलेला दोर तारेसारखा ताणला जातो किंवा बर्फात गाडला जातो. म्हणून इथली वाट एकदा तयार करून भागत नाही. ती रोज पाहावी लागते आणि रोज दुरुस्त करावी लागते.

बर्फाचे डॉक्टर

हे काम करणाऱ्या शेर्पांच्या छोट्या तुकडीला ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात. सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीकडे या वाटेची जबाबदारी आहे. ही मंडळी मार्चमध्ये, इतर सर्वांच्या आधी बेस कॅम्पवर पोहोचतात. पूजा होते आणि मग वाटेचा शोध सुरू होतो.

दरवर्षीचा आइसफॉल वेगळा असतो. डॉक्टर मंडळी पाहतात ती बर्फाची ठेवण. कोणत्या भेगा नव्या आहेत, कोणता मनोरा कलला आहे, वरच्या बाजूला लोंबणारा बर्फ कुठे आहे, कोणत्या भेगेवर बर्फाचा नैसर्गिक पूल टिकून आहे. हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला असेल, तर भेगा भरलेल्या असतात आणि चालणे सोपे होते. पण पातळ थराखाली दडलेली भेग दिसत नाही. हिवाळा कोरडा गेला, तर भेगा उघड्या दिसतात. पण पूल नसतात, शिड्या जास्त लागतात आणि पायाखाली काचेसारखा कडक निळा बर्फ येतो. तेव्हा ‘यंदा बर्फ कमी आहे’ हे ऐकून वाट सोपी असेल, असा अंदाज बांधता येत नाही. २०२४च्या हंगामात तसेच झाले. वाटेवर धोकादायक सेरॅक होते, सुरक्षित मार्ग सापडत नव्हता आणि वाट नेहमीपेक्षा उशिरा खुली झाली.

वाट उशिरा खुली झाली की पुढचे सगळे गणित आवळते. शिखरावर जोराचा वारा ओसरण्याचे दिवस मेच्या मध्यापासून अखेरीपर्यंतच मिळतात आणि मेअखेर आइसफॉलची वाट बंद होते. त्यामुळे तेवढीच माणसे कमी दिवसांत त्याच दोरावर येतात. खोळंबा वाढतो. आइसफॉलमध्ये खोळंबा म्हणजे सेरॅकखाली उभे राहणे.

रात्रीचा करार

मग पहाटे दोनला निघण्यामागचे शास्त्र काय? दिवसा वेस्टर्न कूम आणि आइसफॉल मोठ्या आरशासारखे वागतात. तिन्ही बाजूंच्या बर्फावरून सूर्यप्रकाश परावर्तित होतो. हवा थंड असली तरी ऊन भाजून काढते. बर्फाचे पूल मऊ पडतात, शिड्या बांधण्यासाठी ठोकलेल्या खुंट्यांची पकड सैल होते, वरच्या उतारांवरचा सुटा बर्फ आणि दगड निसटू लागतात. रात्रीच्या गारठ्यात हेच सगळे पुन्हा गोठून घट्ट होते. म्हणून अंधारात निघायचे आणि ऊन चढण्याआधी वरच्या टोकाला पोहोचायचे, हा इथला अलिखित नियम.

पण रात्र सगळेच धोके कमी करत नाही. हिमनदी सूर्य मावळल्यावर थांबत नाही. सेरॅक कोसळतो तो मुख्यतः खालच्या बर्फाच्या सरकण्यामुळे आणि स्वतःच्या वजनामुळे. तो मध्यरात्रीही कोसळू शकतो.

१८ एप्रिल २०१४ची सकाळ याची साक्ष आहे. साडेसहा वाजून गेले होते, ऊन अजून बर्फावर नीट उतरलेही नव्हते. एव्हरेस्टच्या पश्चिमेकडच्या खांद्यावर लोंबणारा बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला आणि खालच्या वाटेवर आला. त्या वेळी वाटेवर होते ते बहुतेक सगळे सामान वाहणारे नेपाळी कामगार. १६ जण गेले. तिघांचे मृतदेह सापडलेच नाहीत. त्यानंतर वाट त्या खांद्यापासून दूर, आइसफॉलच्या मध्याकडे नेण्यात आली. मध्यभागी वरून येणाऱ्या हिमस्खलनाचा धोका कमी होतो, पण तिथे भेगा जास्त आणि चढ अधिक खडा. म्हणजे एक धोका टाळायचा तर दुसरा पत्करायचा. १२ एप्रिल २०२३ रोजी आइसफॉलमध्येच बर्फ कोसळून आणखी तीन शेर्पा गेले. तेही वरच्या कॅम्पसाठी सामान घेऊन निघाले होते.

वेग हवा, पण श्वास कुठे?

धोका वेळेवर अवलंबून असेल, तर उपाय सरळ दिसतो. भराभर चालावे आणि बाहेर पडावे. इथेच माणसाचे शरीर आडवे येते.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शिखरावर १९८१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेत तो मोजला गेला, तेव्हा २५३ मिलिमीटर पारा भरला. समुद्रसपाटीला तो ७६० असतो, म्हणजे शिखरावर जेमतेम एक तृतीयांश. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन कमी. अशा हवेत चार पावले टाकून थांबावे लागते. शिडीवर पाऊल ठेवताना, कॅरॅबिनर एका दोरातून काढून दुसऱ्यात अडकवताना हात मंदावतात. निर्णय घेण्याची क्षमताही मंदावते आणि गंमत अशी, की ती मंदावली आहे हे ज्याचे त्याला कळत नाही.

शरीर या हवेशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. पहिल्या काही तासांत श्वास आणि नाडी वाढते. काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल सावरतात आणि त्यामुळे श्वास आणखी खोल घेता येतो. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला आठवडे लागतात. यासाठी गिर्यारोहकांची जुनी रीत आहे : चढायचे उंच, झोपायचे खाली. बेस कॅम्पवरून कॅम्प एक, कॅम्प दोनपर्यंत जायचे, एखादी रात्र काढायची, परत यायचे. अशा फेऱ्यांनंतरच शिखराकडे निघायचे.

शरीर सांगते, पुन्हा पुन्हा वर-खाली कर. बर्फ सांगतो, माझ्यातून कमीत कमी वेळा जा. अशा विचित्र पेचात गिर्यारोहक सापडतो.

फेऱ्या कमी करण्याचे प्रयत्न

या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत वेगाने सुरू आहेत. अनेक मोहिमा आता सरावासाठी आइसफॉलऐवजी जवळच्या लोबुचे पूर्व या ६,११९ मीटरच्या शिखरावर जातात. तिथे शरीराला उंची मिळते आणि डोक्यावर सेरॅक नसतात. काही जण घरीच, कमी ऑक्सिजनची हवा सोडणाऱ्या तंबूत आठवडेच्या आठवडे झोपून तयारी करतात.

मे २०२५ मध्ये चार ब्रिटिश गिर्यारोहक लंडनहून निघून आठवड्याच्या आत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. अशा तंबूंत झोपण्याबरोबरच त्यांनी निघण्यापूर्वी झेनॉन वायू हुंगला होता. डोंगरावर दिवस कमी म्हणजे धोका कमी, असा मोहिमेच्या आयोजकांचा दावा होता. मात्र झेनॉनमुळे उंचीवरची कामगिरी सुधारते असा पुरावा नाही आणि अयोग्य वापर घातक ठरू शकतो, असे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय आयोगाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्पष्ट केले होते. त्या चौघांच्या यशात झेनॉनचा वाटा किती आणि तंबूतल्या तयारीचा व बाटलीतल्या ऑक्सिजनचा किती, हे चार माणसांवरून सांगता येत नाही.

त्यापेक्षा साधा आणि जास्त लोकांच्या उपयोगाचा बदल आकाशातून आला. २०२४च्या वसंतात बेस कॅम्प ते कॅम्प एक अशा सामान वाहणाऱ्या ड्रोनच्या चाचण्या झाल्या. असा ड्रोन सुमारे १५ किलो ओझे काही मिनिटांत वर पोहोचवतो आणि परतताना कचरा घेऊन येतो. माणसाला त्याच फेरीसाठी कित्येक तास लागतात. २०२५च्या हंगामात शिड्या आणि दोर वर नेण्यासाठी आइसफॉल डॉक्टरांना ड्रोनची मदत झाली. ड्रोन वाट बांधू शकत नाही, शिडी बसवू शकत नाही. पण त्याने वाचवलेली प्रत्येक फेरी म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचा धोका काही तासांनी कमी.

कुणाच्या वाट्याला किती?

धोक्याचे हे गणित सर्वांसाठी सारखे नाही. पैसे भरून आलेला गिर्यारोहक एका हंगामात मोजक्या वेळा आइसफॉल ओलांडतो. तंबू, अन्न, गॅस, ऑक्सिजनच्या बाटल्या वर नेणारा कामगार त्याच्या कितीतरी पट फेऱ्या करतो. फेरी जितक्यांदा, तितक्यांदा तोच डाव नव्याने मांडायचा. आदल्या वीस फेऱ्या सुखरूप झाल्या म्हणून एकविसाव्या फेरीतला सेरॅक काही जास्त घट्ट बसलेला नसतो.

इतिहासही हेच सांगतो. १९५१ मध्ये एरिक शिप्टन यांच्या पाहणी तुकडीने पहिल्यांदा या आइसफॉलमधून वाट शोधली. एडमंड हिलरी त्या तुकडीत होते. वाट आहे हे कळले. पण ज्यांना या बर्फाचा अनुभव नाही अशा शेर्पांना ओझी देऊन इथून वारंवार पाठवणे योग्य का, हा प्रश्न शिप्टन यांना तेव्हाच पडला होता. १९७० मध्ये एका जपानी मोहिमेतले सहा शेर्पा याच ठिकाणी बर्फ कोसळून गेले. २०१४च्या दुर्घटनेनंतर सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून जाहीर केली ती ४० हजार नेपाळी रुपयांची. त्या संतापातून शेर्पांनी काम थांबवले आणि दक्षिणेकडचा तो हंगाम जवळपास तिथेच संपला. पुढे विम्याची किमान रक्कम वाढवण्यात आली.

महाराष्ट्रातूनही गिर्यारोहक या वाटेने गेले आहेत. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक याच आइसफॉलमधून जाऊन शिखरावर पोहोचले. त्यानंतर राज्यात एव्हरेस्टचे स्वप्न पाहणाऱ्यांची संख्या वाढली. अशा मोहिमेची तयारी करणाऱ्याने कंपनी निवडताना दर आणि यशाची टक्केवारी याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही : माझ्यासाठी वर जाणारे सामान किती आणि ते वाहण्यासाठी आइसफॉलमधून किती फेऱ्या होणार?

बर्फ ऊबदार होतोय

या सगळ्याला पार्श्वभूमी आहे ती तापणाऱ्या हिमालयाची. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी गरम पाण्याच्या झोताने खुंबू हिमनदीत खोल छिद्रे पाडून आतल्या बर्फाचे तापमान मोजले. गाड्या धुण्याच्या यंत्रात बदल करून त्यांनी हे उपकरण बनवले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांना आढळलेला सर्वांत थंड बर्फही उणे ३.३ अंश सेल्सिअसचाच होता. तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानापेक्षा तो सुमारे दोन अंशांनी ऊबदार होता. वितळबिंदूच्या जवळ आलेला बर्फ मऊ असतो, सहज विकृत होतो आणि थोड्या उष्णतेनेही वितळू लागतो.

त्याहून वर, आठ हजार मीटरच्या आसपास असलेल्या साउथ कोल हिमनदीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला पांढरा हिमथर नाहीसा होऊन खालचा बर्फ उघडा पडला आहे. पांढरे हिम ऊन परतवते, उघडा बर्फ ते शोषतो. जो बर्फ साचायला सुमारे दोन हजार वर्षे लागली, तेवढा गेल्या जेमतेम पंचवीस वर्षांत गेला, असा संशोधकांचा अंदाज आहे. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या.

एखाद्या सेरॅकच्या कोसळण्याचा दोष थेट हवामानबदलावर टाकता येत नाही. सेरॅक पूर्वीही कोसळत होते. पण रात्री पुरेसे गोठले नाही, हिवाळ्यात बर्फ कमी पडला, भेगांवरचे पूल लवकर खचले, तर चालण्याजोगे तास कमी होतात. वाटेची जुनी माहिती कमी उपयोगी पडते. खुद्द बेस कॅम्पच हिमनदीवर वसलेला असल्याने तो खाली हलवावा का, याची चर्चा नेपाळमध्ये २०२२ मध्ये झाली होती.

बेस कॅम्पपर्यंत जाणाऱ्यांसाठी

आइसफॉलमध्ये पाऊल न ठेवता फक्त बेस कॅम्पचा ट्रेक करणाऱ्यांना सेरॅकची भीती नाही, पण विरळ हवेचा नियम त्यांनाही लागू आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल, तर ते ‘थोडे थकल्यामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. त्या दिवशी आणखी वर जाऊ नये. सरळ रेषेत चालताना तोल जाणे किंवा बोलणे असंबद्ध होणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला हे फुप्फुसांत पाणी होत असल्याचे लक्षण असू शकते. या दोन्हींत एकच उपाय थांबता येत नाही असा आहे : ताबडतोब खाली उतरणे, तेही कुणाला तरी सोबत घेऊन. ऑक्सिजन आणि औषधे जोडीला असतातच, पण ती उतरण्याला पर्याय नाहीत. गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच.

ट्रेकवाले बेस कॅम्पवर पोहोचतात, समोरच्या पांढऱ्या गोठलेल्या लाटांसमोर फोटो काढतात आणि दुपारपर्यंत माघारी फिरतात. त्याच वेळी तिकडे आइसफॉल डॉक्टरांची तुकडी त्या दिवशी ताणलेले दोर, सरकलेल्या शिड्या तपासून खाली येत असते. दुसऱ्या दिवशी पहाटे, बर्फ आणखी मीटरभर पुढे गेलेला असतो आणि त्यांना तीच वाट पुन्हा पाहायची असते.